रोलप्लेइंगची मोहीम चार सेशनांत का विरते, आणि तिला सूत्र कसं द्यायचं

रोलप्लेइंगचा, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायचा, खेळ सुरू करणारे बहुतेक गट एकाच ठिकाणी येऊन अडतात. पहिलं सेशन, म्हणजे पहिली बैठक, झकास होतं. दुसऱ्याला सगळे वेळेवर हजर. तिसऱ्याला एकाला काम निघतं, चौथ्याची तारीख दोनदा पुढे जाते, आणि मग ग्रुपवर कुणी विषयच काढत नाही. दोष सगळे तारखांना देतात. तारखा जुळवणं कठीण असतंच. पण जी मोहीम, म्हणजे त्याच पात्रांची अनेक सेशनं चालणारी गोष्ट, मनात घोळत राहते तिच्यासाठी तीच माणसं धडपडून वेळ काढतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

मनात घोळायला काहीतरी लागतं. एका सेशनला ड्रॅगन, दुसऱ्याला भुताचा वाडा, तिसऱ्याला चोरीला गेलेला मुकुट, असं चालू राहिलं तर प्रत्येक संध्याकाळ छान जाते, पण मागच्या संध्याकाळचं काहीच पुढच्या संध्याकाळी उरत नाही. ते उरावं म्हणून मोहिमेला सूत्र लागतं. सूत्र म्हणजे नेमकं काय, ते कुणी ठरवायचं, आणि ते ठरवल्यावर खेळ खेळच राहतो की गोष्ट ऐकण्याचा कार्यक्रम होतो, हे इथे सुरुवातीपासून पाहू.

आधी खेळ काय असतो ते

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक जण खेळ चालवतो, त्याला गेम मास्टर किंवा नुसतं जीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. जीएम सांगतो की तुम्ही कुठे आहात, समोर काय दिसतंय. खेळाडू सांगतो की माझं पात्र काय करतंय. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. अनेक खेळांत तो वीस बाजूंचा असतो. इथे कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. सगळे मिळून एक गोष्ट घडवतात, जी सुरुवातीला कुणालाच पूर्ण माहीत नसते.

या प्रकारातला पहिला छापील खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स. तो १९७४ मध्ये अमेरिकेत आला. त्याआधी ही मंडळी छोटे सैनिक मांडून लढायांचे खेळ खेळत. एकमेकांशी जोडलेल्या लढायांच्या मालिकेला त्या खेळांत कॅम्पेन म्हणत, म्हणजे सरळ मोहीम, आणि तोच शब्द इकडे आला. तीन-चार तासांची एक बैठक म्हणजे सेशन, आणि त्याच पात्रांची अनेक सेशनं मिळून मोहीम.

या जुन्या अर्थातच एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. पहिल्या लढाईत जे सैनिक गमावले ते दुसऱ्या लढाईला नसत. जे घडलं त्याचा हिशोब पुढे न्यायचा, हे मोहिमेचं मूळ. सूत्राची गरज तिथूनच सुरू होते.

विषय वेगळा, सूत्र वेगळं

'आपण समुद्री चाच्यांची मोहीम खेळू' हा झाला विषय. 'बुडालेल्या जहाजातला खजिना शोधायचाय' हे झालं कथानक. सूत्र या दोन्हींच्या खाली असतं, आणि माझ्या अनुभवात ते प्रश्नाच्या रूपात लिहिलं तरच उपयोगाला येतं. चाच्यांच्याच मोहिमेत प्रश्न असा होईल: कायदा मोडून मिळवलेल्या जहाजावर कायदा कुणाचा चालणार? आता लुटीची वाटणी, कैद्याचं काय करायचं, आजारी कप्तानाला उतरवायचं का, हे सगळे प्रसंग त्या एकाच प्रश्नापाशी येऊन मिळतात. खजिना सापडो वा न सापडो.

विणकामातला ताणा आणि बाणा आठवा. ताण्याचे उभे धागे आधी मागावर चढवावे लागतात. बाण्याचा आडवा धागा नंतर एकेक फेरीने भरत जातो आणि नक्षी त्यातून उमटते. सूत्र म्हणजे ताणा. सेशन म्हणजे बाण्याची एकेक फेरी. नक्षी काय येईल ते आधी सांगता येत नाही, पण उभे धागेच नसतील तर हातात नुसता गुंता राहतो.

प्रश्न चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं? मी दोन गोष्टी बघतो. दोन सरळमार्गी माणसं त्याची वेगवेगळी उत्तरं देऊ शकतील का? आणि दोन्ही उत्तरांची काही किंमत मोजावी लागेल का? 'चांगल्याचा विजय होईल का' हा प्रश्न इथेच बाद होतो, कारण दुसऱ्या बाजूला उभं राहायला कुणी तयारच नसतं. 'स्वातंत्र्य', 'विश्वास', 'सूड' असे एकेका शब्दाचे विषयही कागदावर भारदस्त दिसतात आणि टेबलावर निपचित पडतात. समोर उभ्या असलेल्या एका माणसाला तोंडावर विचारता येईल, इतका प्रश्न जवळचा हवा.

सूत्र कुणाच्या हातात असतं?

आपल्या भाषेत नाटक चालवणाऱ्याला सूत्रधार म्हणतात, आणि जीएमला तो शब्द फार शोभतो. पण त्यामुळे सूत्र एकट्या त्याच्याच हातात असतं असा समज होतो. माझी पहिली लांब मोहीम याच समजुतीपायी फसली. विश्वासघात हे सूत्र मी एकट्याने ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. पाच सेशनं एक म्हातारा वाटाड्या पात्रांसोबत चालला आणि सहाव्या सेशनला त्याने त्यांना शत्रूच्या ताब्यात दिलं. महिनाभर मी या क्षणाची तयारी केली होती. टेबलावर कुणाला धक्का बसला नाही. एक जण आपल्या पात्राच्या हरवलेल्या भावाचा शोध घेत होता, एकीला जंगलं पाहायची होती, आणि वाटाड्यावर कुणाचा जीवच जडला नव्हता. त्यांच्या मनात जे होतं ते मी विचारलं नव्हतं आणि माझ्या मनात जे होतं ते त्यांना माहीत नव्हतं.

यासाठीच हल्ली बरेच गट पहिल्या सेशनच्या आधी एक बैठक घेतात. तिला सेशन झीरो म्हणतात. त्यात खेळायचं नाही, ठरवायचं. प्रत्येकाने सांगायचं की मला काय बघायचंय आणि काय अजिबात नको. त्या बोलण्यातून प्रश्न वर येतो, आणि तो कागदावर एका वाक्यात लिहून टेबलाच्या मधोमध ठेवायचा. त्यानंतरच पात्रं तयार करायची, तीही एकत्र बसून. घरून एकेकट्याने तयार करून आणलेली चार पात्रं बहुधा चार वेगळ्या मोहिमांची असतात.

'काय नको' हा भाग घाईत उरकू नका. सूत्र जितकं खोल, तितकं ते कुणाच्या खऱ्या जखमेला लागण्याची शक्यता जास्त. जॉन स्टॅव्हरोपोलस यांची एक्स-कार्डची युक्ती इथे फार कामाची आहे: फुली मारलेलं एक कार्ड टेबलावर ठेवायचं. चालू असलेलं वर्णन नकोसं झालं तर कुणीही ते उचलावं किंवा त्याला हात लावावा, आणि तो भाग तिथेच सोडून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही. कार्ड एकदाही उचललं गेलं नाही तरी ते तिथे आहे म्हणून माणसं मोकळेपणाने खेळतात.

एक मोहीम जवळून

नंतरच्या एका मोहिमेचा प्रश्न आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवला होता: आपण न घेतलेलं देणं आपण फेडायचं का?

जग काल्पनिक. नदीकाठचं शहर. शंभर वर्षांपूर्वी शहर वसवणाऱ्यांनी नदीशी करार केला की शंभर वर्षं पूर येणार नाही, आणि मुदत संपली की नदी आपलं मागून घेईल. काय मागेल ते कुणालाच ठाऊक नाही, कारण दप्तरखान्यातल्या वहीतलं ते पान फाटलंय. मुदत याच पावसाळ्यात संपते.

चार पात्रं झाली. एक नावाडी, ज्याचा बाप नावेचं कर्ज मागे ठेवून गेला. एक पळून आलेला सैनिक, ज्याच्या जागी त्याचा सोबती मेला. एक वैदू, जिने विद्या शिकताना शब्द दिलाय की कुठल्याही रोग्याला परत पाठवणार नाही. आणि दप्तरखान्यातली कारकून, जिच्याकडे त्या वह्यांच्या किल्ल्या आहेत. देणं एकच, पण एकाचं पैशाचं, एकाचं जिवाचं, एकीचं शब्दाचं आणि एकीचं कागदावरचं. हे खेळाडूंनी स्वतः वाटून घेतलं. मला फारसं काही करावं लागलं नाही.

माझ्या वाट्याला आले विरोधक. मोहिमेतला खलनायक कसा घडवावा यावर माझं मत ठाम आहे: त्याने पात्रांच्याच प्रश्नाचं वेगळं उत्तर द्यावं, आणि ते उत्तर निम्मं तरी पटावं. आमच्याकडे एक बाई गावोगाव हिशोबाच्या वह्या जाळत फिरत होती. 'मेलेल्यांची सही जिवंतांना बांधत नाही,' असं ती म्हणायची. दुसऱ्या बाजूला शहरातलं सर्वांत जुनं घराणं, ज्याला देणं फेडायचं होतं, पण दुसऱ्यांची मुलं नदीला देऊन. दोघांशी लढताना खेळाडूंना स्वतःचं उत्तर शोधावंच लागलं.

सातव्या सेशनला कारकून बाईला फाटकं पान सापडलं. त्यावर तिच्याच आजोबांची सही होती. पान नष्ट केलं तर घराण्याच्या हातात पुरावा उरणार नव्हता आणि तिचं घरही वाचणार होतं. तिची खेळाडू हातात फासा घेऊन बसली होती. 'टाकू का?' तिने विचारलं. मी म्हटलं, हे फाशावर सोडण्यासारखं नाही, तूच सांग. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नावाडी खेळणारा, जो एरवी सगळ्यांत कमी बोलतो, हळूच म्हणाला, 'फाडू नकोस. माझ्या बापाचं पान कुणी फाडलं नव्हतं.'

हे वाक्य कुठेही लिहिलेलं नव्हतं. तशी तयारी करताही आली नसती. पण टेबलाच्या मध्यावर तो प्रश्न सात सेशनं पडून होता, म्हणून ते त्याच्या तोंडून निघालं.

नियमही सूत्र सांगतात

ही बाजू नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. खेळाचे नियम ज्या गोष्टीला बक्षीस देतात, तीच गोष्ट खेळाडू करतात, मग जीएमने वर्णनात काहीही सांगो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये अनुभवाचे गुण मुख्यतः बाहेर आणलेल्या सोन्यावर मिळत. राक्षस मारून मिळणारे गुण त्या मानाने थोडे. त्यामुळे शहाणे खेळाडू लढाई टाळायचे आणि खजिना घेऊन निसटायचे. लोभ आणि सावधपणा हे त्या खेळाचं सूत्र नियमांनीच ठरवून टाकलं होतं.

१९८१ च्या कॉल ऑफ कथुल्हू या भयकथेच्या खेळात पात्राच्या मानसिक तोलाला आकडा दिलेला असतो. भयानक गोष्टी पाहिल्या की तो आकडा घसरतो, आणि त्या गूढ शक्तींबद्दल जितकं ज्ञान वाढेल तितकी त्याची कमाल मर्यादाच खाली येते. 'जाणून घेण्याची किंमत काय' हा प्रश्न जीएमने उच्चारायचीही गरज उरत नाही. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या पेंड्रॅगनमध्ये सरदारांच्या स्वभावाच्या तेरा जोड्या असतात: दयाळू आणि क्रूर, प्रामाणिक आणि कपटी, अशा. जोडीची बेरीज नेहमी वीस. दया एकाने वाढली की क्रौर्य एकाने घटतं. माणूस कसा घडत जातो हे त्या कागदावर वर्षावर्षाला दिसतं.

तुम्हाला नवा खेळ रचायची गरज नाही. हातातल्या खेळाला एखादा छोटा नियम जोडला तरी पुरतं. आमच्या मोहिमेत प्रत्येकासमोर वेगळ्या रंगाचे पाच खडे होते. फासा हुकला तर दुसऱ्या खेळाडूचा खडा मागून घ्यायचा आणि हुकलेलं जमलं असं धरायचं. पण खडा देणारा पुढे कधीही त्याबदली एक गोष्ट मागू शकत होता. तिसऱ्या सेशनपर्यंत सगळे एकमेकांचे देणेकरी झाले होते, खेळातही आणि टेबलावरही.

मग खेळाडूंचं स्वातंत्र्य कुठे राहिलं?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो रास्त आहे. जीएमने गोष्ट आधीच लिहून खेळाडूंना तिच्यावरून ढकलत नेणं, याला या खेळात रुळावरून चालवणं म्हणतात. खेळाडू काहीही करोत, गाडी पुढच्या ठरलेल्या स्टेशनावरच जाते. माझा म्हातारा वाटाड्या तसाच रूळ होता.

सूत्राने हे होत नाही, कारण सूत्र प्रश्न देतं, उत्तर देत नाही. धोका असतो तो तयारीच्या पद्धतीत. 'पाचव्या सेशनला पूल कोसळेल आणि पात्रं पकडली जातील' असं लिहू नका. त्याऐवजी माणसं लिहा: कुणाला काय हवंय, ते मिळवायला तो कुठवर जाईल, आणि कुणीच अडवलं नाही तर काय होईल. ही शेवटची गोष्ट मोजायला घड्याळाची युक्ती चांगली आहे. २०१० च्या अपॉकॅलिप्स वर्ल्डमध्ये ती होती आणि २०१७ च्या ब्लेड्स इन द डार्कमुळे ती फार पसरली. कागदावर एक वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे. विरोधकाचं काम एक पाऊल पुढे सरकलं की एक भाग रंगवायचा. वर्तुळ भरलं की ती गोष्ट घडली.

वह्या जाळणाऱ्या बाईचं घड्याळ सहा भागांचं होतं आणि खेळाडूंना ते समोर दिसत होतं. तीन भाग रंगल्यावर त्यांनी तिला अडवण्याऐवजी तिच्याशी हातमिळवणी केली. मला तयारी बदलावी लागली, सूत्र नाही. ते उलट जास्त ताणलं गेलं.

दर वेळी तोच प्रश्न, कंटाळा येत नाही?

दर वेळी विचारला तर येईलच. तीन सेशनांत एकदा थेट समोर आला तरी बास. मधल्या सेशनांत पाठलाग होऊ दे, कुलुपं उघडू देत, पात्रं नुसती भटकू देत. तेव्हा सूत्र एखाद्या खुणेतून जिवंत ठेवायचं. आमच्याकडे घाटाच्या पायऱ्या होत्या. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला मी एवढंच सांगायचो की आज पाणी कितव्या पायरीवर आहे. पुढे पुढे मी विसरलो तर खेळाडूच विचारायचे.

'आम्हाला फक्त लढायाच आवडतात'

मग खुशाल लढा. एका रात्रीच्या खेळाला सूत्राची गरज नसते. पण पंधरा लढाया सलग लढणार असाल तर आपण कुणाचं रक्षण करतोय आणि कुणाला मागे सोडतोय, एवढा एक धागा ठेवून बघा. शेवटच्या लढाईत कोण पुढे उभं राहतं, हे बघायला मजा येते.

मध्येच सूत्र बदललं तर?

बदलतंच. चार-पाच सेशनांनंतर मी खेळ थांबवून दहा मिनिटं विचारतो की तो कागदावरचा प्रश्न अजून तोच वाटतो का. आमचा 'फेडायचं का' चा हळूहळू 'कुणी फेडायचं' झाला, आणि आम्ही कागद बदलला. नवा प्रश्न जुन्यातूनच निघाला असेल तर काळजी नको. सगळ्यांची उत्तरं अगदीच वेगवेगळ्या दिशांना गेली असतील, तर ही मोहीम लवकर संपवून नवी सुरू करणं बरं. एखादा खेळाडू सोडून गेला तर त्याच्या पात्राचं अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या पात्राच्या गळ्यात घाला. ते नुसतं गायब करू नका.

शेवट आधी ठरवायचा का?

शेवट नाही, पण लांबी ठरवा. 'चालेल तोवर खेळू' म्हणणाऱ्या मोहिमा सहसा शेवटाआधीच थांबतात. दहा किंवा बारा सेशनं असं आधीच बोलून घेतलं की निर्णय लांबणीवर टाकायला जागा उरत नाही, आणि घड्याळंही त्या बेताने कापता येतात.

बाराव्या सेशनसाठी माझ्या कागदावर तीनच ओळी होत्या: पाणी शेवटच्या पायरीवर. नदी विचारते, कोण देणार? प्रत्येकाला बोलू दे. नावाड्याने नाव दिली. वैदूने आपली विद्या दिली, आणि सैनिक स्वतः पाण्यात उतरला. त्यानंतर मी काही बोलायच्या आत खेळाडूंनी एकमेकांचे खडे परत द्यायला सुरुवात केली. न मागता, एकेक करून, रंग बघून. कारकून खेळणारीसमोर दोन खडे उरले, दोन्ही सैनिकाचे. तो खेळाडू हात पुढे करून बसला होता. तिने ते मुठीत घेतले आणि म्हणाली, 'हे राहू देत माझ्याकडे.'